कडबा खाणाऱ्या बैलांचं कोर्ट

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात टेनिसवर एकच पुस्तक आहे. जुनं, इंग्रजी, हिरव्या कापडी बांधणीचं. माझ्या नोकरीच्या काळात ते तीनदाच बाहेर गेलं. तिन्ही वेळा माझ्या बायकोच्या नावावर, आणि तिन्ही वेळा तिने ते न वाचता परत केलं. "चित्रं बरी आहेत," एवढाच तिचा अभिप्राय होता. ती गेल्यावर मी ते स्वतःच्या नावावर काढलं आणि चार दिवस सलग वाचलं. त्यात गवताच्या कोर्टावर एक प्रकरण आहे, लाल मातीच्या कोर्टावर एक आहे, सिमेंटच्या कोर्टावर अर्धं आहे. शेणाने सारवलेल्या कोर्टाबद्दल मात्र एक ओळही नाही.

मला नेमकं तेच हवं होतं.

जुन्नरला आमच्या ग्रंथालयाच्या मागे एक टेनिस कोर्ट आहे. खाली मुरूम, त्यावर चाळलेली माती, आणि वर शेणकाल्याचा पातळ थर. खळं सारवतात तसंच. ते माझ्या बायकोने बनवलं. त्याआधी तिथे कमरेएवढं गाजरगवत होतं आणि मोडकी बाकं टाकलेली होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिथून ग्रंथालयात शिरताना. दार तिने कोपराने ढकललं, कारण दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत शेणाने भरलेले होते. म्हणाली, "नळ कुठे आहे? आणि प्लीज, आधी ते वर्तमानपत्र बाजूला घ्या, मी घाबरले की हात झटकते." कॉलेजात नवीन आलेली क्रीडाशिक्षिका व्यावसायिक खेळाडू होती असं मी ऐकलं होतं. मी पांढरे बूट वगैरे कल्पून बसलो होतो.

ती व्यावसायिक टेनिस खेळायची. हे वाक्य आमच्याकडे उच्चारलं की लोक कौतुकाने मान हलवतात आणि मग विचारतात, "पण नोकरी काय करायच्या?" तर हीच नोकरी. तिचे वडील आंबेगाव तालुक्यातले. शेती भावांवर सोडून ते पुण्याला एका क्लबात मार्कर म्हणून लागले. सभासदाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं, आणि उरलेल्या वेळात कोर्ट झाडायचं, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा आखायच्या, हे मार्करचं काम. सभासद यायच्या आधी, पहाटे, ते मुलीला खेळवायचे. ती जिल्ह्यात जिंकली, मग राज्यात, आणि मग बारावीनंतर घरच्यांना कळेनासं झालं की आता ही नक्की काय जिंकते आहे. लखनौ, ग्वाल्हेर, ताश्कंद. तुर्कस्तानात समुद्रकाठच्या एका गावी ती पाच आठवडे राहिली आणि समुद्र दोनदाच पाहिला. "पहिल्या फेरीत हरलं की उरलेला आठवडा मोकळा," ती सांगायची, "आणि तसल्या मोकळ्या आठवड्यात समुद्र बघवत नाही." मग ती काय करायची? दुसऱ्या मुलींच्या रॅकेटांना तारा ओढून द्यायची. पुढच्या प्रवासाचा खर्च त्यातून निघे.

माझ्या आईने तिला एकदा विचारलं होतं, "जगात कितवा नंबर होता गं तुझा?"

"जगात माझ्याहून चांगलं खेळणाऱ्या काहीशे बायका होत्या, आई. बाकीच्या सगळ्या माझ्या खाली. तुमच्यासकट."

आई खूष झाली. हे तिने गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

खेळणं तिने सत्ताविसाव्या वर्षी सोडलं. का सोडलं, याची उत्तरं ती माणूस बघून द्यायची. प्राचार्यांना तिने गुडघा सांगितला होता. आईला सांगितलं, लग्नाचं वय झालं होतं. तिच्या टीमच्या मुलींना सांगायची, "तुम्हाला छळायचं होतं, म्हणून." मला तिने लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं, "संपलं होतं."

"पण कसं कळलं?"

"कळतं रे."

चारचौघांत मी 'अहो' असे, घरात 'अरे'. त्या 'कळतं रे'वर विषय संपे. माझं काम पुस्तकांच्या नोंदींचं. जिचा आधार दिलेला नाही अशी नोंद मला अस्वस्थ करते. तरी मी पुन्हा विचारलं नाही. आपल्याला वेळ आहे असं वाटत असतं. आणि खरं सांगायचं तर तिचं शिकवणंही मी कधी नीट पाहिलं नाही. ग्रंथालयाची मागची खिडकी कोर्टावर उघडते. चेंडूचा आवाज दुपारभर येत राही, आणि मी खिडकीकडे पाठ करून बसे, कारण उजेड त्या बाजूने चांगला येतो. साडेपाचला आवाज थांबे. आमच्याकडे ऊस जवळ आहे आणि उसात बिबट्या, त्यामुळे मुलींना उजेडात घरी पोचवायचा तिचा कडक नियम होता. आवाज थांबला की मीही कुलूप लावायचो.

ती गेल्या पावसाळ्यात गेली. तापाचं निमित्त झालं, अकरा दिवसांत संपलं.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं आणि पत्र आलं. मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन विभागीय टेनिस स्पर्धा यंदा आमच्या कोर्टावर घ्यायला समितीची मंजुरी होती. ती दर वर्षी हा अर्ज करायची आणि दर वर्षी नकार यायचा. अट एकच होती. तीन आठवड्यांनी समितीचे एक सदस्य कोर्ट बघायला येतील. ते योग्य वाटलं नाही तर स्पर्धा पुण्याला सिमेंटच्या कोर्टावर होईल.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं, पंखा वाढवला. मला वाटलं, सांत्वन.

"सर, तुम्ही दुःखात आहात म्हणून हा विषय काढत नव्हतो. पण कोर्टाची दशा बघा. पावसाने सगळं उखडलंय. मॅडम होत्या तेव्हा त्या बघायच्या. आता कोण बघणार? पत्राला नम्र नकार कळवू. आणि असं बघा, मुलांच्या मोटारसायकली हल्ली रस्त्यावर उभ्या असतात, पोलीस तक्रार करतात. तिथे शेड टाकली तर..."

"मी करतो," मी म्हणालो.

"काय करता?"

"कोर्ट."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. तपासणी होईपर्यंत थांबतो. पास झालं तर शेड दुसरीकडे बघू. पण सर, नाही झालं तर मग मला अडवायचं नाही."

मी कबूल केलं. केबिनमधून बाहेर पडल्यावर लक्षात आलं की शेणकाला कशात किती घालून करतात हे मला माहीत नाही. म्हणून ते हिरवं पुस्तक.

आमच्या टीममध्ये चार मुली होत्या. त्यांतली कापडदुकानवाल्यांची मुलगी रोज ग्रंथालयात यायची. तिला विचारलं, "मॅडम शेण कुठून आणायच्या?"

"टेम्पो यायचा, सर. आम्ही फक्त खराटे मारायचो."

"कुठला टेम्पो?"

"निळा."

टेम्पोवाल्याचा नंबर बायकोच्या फोनमध्ये होता आणि त्या फोनचा पासवर्ड मला माहीत नव्हता. टीमची कॅप्टन, एक डावखुरी मुलगी, बेल्ह्याकडची. ती भावाच्या लग्नासाठी गावी होती. तिला फोन करता आला असता. सासऱ्यांनाही करता आला असता. त्यांनी आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? पण तेराव्यानंतर मी त्यांना फोन केला नव्हता. त्यांनीही मला नाही. आणि शेवटी शेण म्हणजे शेण, असं मला वाटलं. मी जुन्नरच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस.

कोणीतरी सांगितलं की पारगावला कारखान्याचा सीझन सुरू झालाय, ऊसतोडीवाल्यांच्या बैलांचा तळ पडलाय, तिथे शेणाला तोटा नाही. मी एक टेम्पो ठरवून गेलो. खरोखरच ढीग होते. पाचटाच्या कोप्यांच्या रांगा, त्यांच्यापुढे बांधलेले बैल, आणि एका कोपीपुढे भाकरी थापणारी बाई. मी तिला विचारलं, शेण नेऊ का.

"न्या की. आमालाच चार पावलं जागा व्हईल. घर सारवायचंय व्हय?"

"टेनिसचं मैदान आहे. कॉलेजात."

"कालेजात सारवत्यात?" तिने परातीतून मान वर केली. "मंग आमची कोपी बी कालेजच म्हना की."

टेम्पो भरून निघालो तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मी, कापडदुकानवाली, आणखी दोघी मुली आणि कॉलेजचा शिपाई, अशा पाच जणांनी बादल्यांनी काला ओतला आणि खराट्यांनी पसरला. संध्याकाळी सगळं हिरवंगार, एकसारखं दिसत होतं. मी फोटो काढला.

तिसऱ्या दिवशी ते पापडासारखं उचललं गेलं. उन्हाच्या बाजूला तडे जाऊन वळलेले तुकडे, सावलीच्या बाजूला अजून ओला, बुळबुळीत थर, आणि सगळ्यावर माश्या. कापडदुकानवालीने एक चेंडू टाकून पाहिला. तो उसळला नाही, घसरत गेला आणि जाळीपाशी जाऊन हिरवा होऊन थांबला.

त्याच दुपारी डावखुरी लग्नाहून परत आली. हातावर मेंदी, खांद्यावर रॅकेटची पिशवी. ती कोर्टाच्या कडेला उकिडवी बसली, एक तुकडा उचलून मोडला, वास घेतला.

"सर, कुठल्या बैलांचं हाय हे?"

"पारगावच्या तळावरच्या."

"ती खात्यात काय?"

मी आठवू लागलो. बैलांपुढे हिरवं काहीतरी होतं.

"वाढं!" ती ओरडली. "उसाचं वाढं खात्यात ती, सर! रातंदिस निस्ता वला पाला. पान्यावानी शेन पडतंय. त्यात काडी असती का? ह्ये बघा." तिने मोडलेला तुकडा माझ्या नाकाजवळ धरला. "मॅडम कडब्याचं आनायच्या. ज्वारीचा वाळला कडबा खाल्ल्याला बैल पायजे. त्याच्या शेनात बारीक काडी असती. ती काडी धरून ठेवती समदं." मग तिला हसू आवरेना. "आमच्या बैलानं ह्ये बघितलं असतं तर त्यो बी हसला असता राव."

मी सर असल्याचं लक्षात येऊन ती थांबली. पण मग कोर्टाकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"सर, सिमेंटवर आमी कधी खेळलोच न्हाई. पुन्याला गेलो तर पयल्याच दिवशी घरी." थोड्या वेळाने म्हणाली, "आन हितं मोटारसायकली."

तपासणीला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बाजार होता. ती मला तिथे घेऊन गेली. जनावरांच्या बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो. दावणीला लावलेल्या जोड्या, शिंगांना लावलेला रंग, टेम्पोतून उतरायला नकार देणारी एक गाय. सगळं इतकं नवीन होतं की क्षणभर मी कशाला आलो तेच विसरलो. लोक बैलाचे दात बघत होते, खूर बघत होते. मी एका जोडीजवळ थांबून व्यापाऱ्याला विचारलं, "हे खातात काय?"

"खुराक ना? सरकी, पेंड, कडबा. घरच्यावानी ठिवल्याली जोडी हाय, पावणं. मान बघा, चाल बघा."

"नाही, म्हणजे... शेण कसं टाकतात?"

व्यापारी शेजारच्या दावणीकडे वळून ओरडला, "ए, हिकडं या रं! हे पावणं बैलाची किंमत मागल्या बाजूनं करत्यात!"

चार-पाच जण जमले. डावखुरी पुढे झाली. "काका, दात काढू नका. सर कॉलेजात हायेत."

"कॉलेजात? मंग बरोबर हाय."

हशा झाला, मीही हसलो. बऱ्याच महिन्यांनी हसलो असेन. गर्दीतला एक म्हातारा शेतकरी मात्र हसला नव्हता. एका बैलाचा कासरा धरून तो उभा होता. तो म्हणाला, "बाजारातलं शेन घिऊ नका. जनावर टेम्पोत घाबरतं, पोट बिघाडतं त्याचं. घरचं घ्या. तुमच्या कॉलेजच्या त्या मॅडम यायच्या की दर साली. माझ्याकडनं न्यायच्या, वस्तीवरल्या दोन घरांतनं न्यायच्या. खळ्यावर आल्या की चप्पल काढून टाच आपटून बघायच्या. त्या न्हाई आल्या?"

टाच आपटायची तिची सवय मला माहीत होती. कुणाच्याही अंगणात गेलं की ती चप्पल काढून जमिनीवर टाच आपटायची आणि मान तिरकी करून ऐकायची. मी ते तिचं एक खूळ समजत होतो.

"त्या गेल्या," मी म्हणालो. "पावसाळ्यात."

म्हाताऱ्याने कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. बैलाच्या पाठीवरचं काहीतरी झटकलं. मग म्हणाला, "तरीच. तरीच शेन न्यायला कुनी आलं न्हाई. मी ढीग राखून ठिवलाय."

बाजाराबाहेर येऊन मी सासऱ्यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बोला, पावणं."

"मामा, कोर्ट सारवायचंय."

"वाढ्याचं शेन तर न्हाई ना घातलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते उतरले. धोतर, टोपी, आणि पायात क्लबातले जुने पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट त्यांनी कोर्टाच्या कडेला काढून ठेवले, चार ठिकाणी टाच आपटली आणि म्हणाले, "खरडा समदं."

खरडायला दोन दिवस लागले. मग पाणी मारलं, रोलर फिरवला, पुन्हा पाणी मारलं. बेल्ह्याहून शेण आलं, निळ्याच टेम्पोतून. शिपायाने माती चाळली. शेण, माती आणि पाणी कालवायला सासरे बसले तेव्हा मी खिशातून वही काढली.

"किती बादल्या शेणाला किती माती, मामा?"

"वही ठिवा. वहीला काय कळतंय? हात घाला."

मी बाह्या वर केल्या. आतलं गार होतं, आणि बोटांना बारीक बारीक काड्या लागत होत्या. पारगावच्या शेणात हे नव्हतं. मी ते मळलंच कुठे होतं, काठीने ढवळलं होतं. "मूठ दाबा. आता उघडा. बोटांचे वळ दिसत्यात? मंग झालं. न्हाई दिसलं तर माती घाला." एवढंच. तिने चौदा वर्षं दर हिवाळ्यात हे केलं होतं, माझ्या खिडकीपासून पन्नास पावलांवर.

सारवताना आम्ही दोघे शेजारी होतो, मागे सरकत, खराट्याचे अर्धगोल एकमेकांत मिसळत. पुढे मुली होत्या. त्या ओळीत काम करत असताना माणसाकडे न बघता बोलता येतं. म्हणून असेल, मी विचारलं.

"मामा, तिने खेळणं का सोडलं?"

"तुमाला सांगितलं न्हाई?"

"संपलं होतं, म्हणाली."

"मंग सांगितलंच की." दोन-तीन अर्धगोल झाले. "तिकडनं फोन आला व्हता. तुर्कस्तानातनं. हारली व्हती. मी म्हनलं, पोरगी रडंल आता. हारली की लई रडायची, ल्हानपनापासनं. भांडायची, रॅकेट फेकायची. तर रडंना. म्हनली, 'दादा, म्याच झाल्यावर तिथं कोर्टावर जाळी वढायची असती, माती सारकी करायला. त्यो मानूस आला न्हवता म्हनून मी वढली. इकडनं तिकडं, गोल गोल. समदं कोर्ट सारकं झालं. आन दादा, मला लई बरं वाटलं. हारल्यालं आठवलंच न्हाई.' मग म्हनली, 'म्हंजी संपलं ना?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, व्हय. संपलं. ये घरी." त्यांनी खराटा बादलीत बुडवला. "मी मार्कर. मला म्हाईत न्हाई व्हय? खेळनाऱ्याला हारल्यावर कोर्ट दिसत न्हाई. ज्याला दिसतं त्यो आमच्यातला."

मी खराटा फिरवत राहिलो. मला वाटलं होतं, उत्तर मिळालं की काहीतरी मोठं कळेल. एखादा अपमान, एखादी दुखापत, एखादा माणूस. ही गोष्ट इतकी लहान होती की तिने मला का सांगितली नाही हेही मला लगेच समजलं. त्या पहिल्या वर्षी मी तिला म्हणालो असतो, एवढंच? मी अजून कधी काही सारवलं नव्हतं.

"हात चालवा, पावणं," सासरे म्हणाले. "मधीच वाळलं तर जोड दिसंल."

थर तीन दिवस सावकाश वाळला. हिरव्याचा पिवळसर झाला, मग करडा. चौथ्या दिवशी सकाळी मी एकटाच गेलो, चप्पल काढली आणि टाच आपटली. शेजारच्या उखडलेल्या पायवाटेवरही आपटून पाहिली. पायवाटेचा आवाज तिथेच मरत होता. कोर्टाचा आवाज थोडा पुढे जात होता, बंद पेटीवर टिचकी मारावी तसा. असाच आवाज ऐकत असेल का ती, की आणखी काही? मी दहा-बारा ठिकाणी आपटत फिरलो. शिपाई दारातून बघत होता.

समितीचे सदस्य ठरल्या दिवशी आले. चाळिशीचे, टी-शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. प्राचार्य त्यांच्यासोबत चालत होते आणि हळू आवाजात, पर्याय म्हणून पुण्याची सोय कशी उत्तम आहे ते सांगत होते. सदस्यांनी बेसलाइनवर बसून अंगठा रोवला. अंगठ्याचा ठसा उमटला नाही. मग खिशातून चेंडू काढून खांद्याच्या उंचीवरून सोडला, एकदा इथे, एकदा तिथे, एकदा जाळीजवळ. डावखुरी माझ्या शेजारी उभी होती आणि तिने माझ्या शर्टाची बाही धरली होती, हे तिला माहीत नव्हतं.

"मी शाळेत असताना असल्या कोर्टावर खेळलोय," ते म्हणाले. "वाटलं होतं, संपली ही आता. कुणी केलंय?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे बूट घालत होते.

"ह्यांनी," ते हनुवटीने माझ्याकडे दाखवत म्हणाले. "दोनदा केलं. पयल्या डावाला जरा हारले."

सदस्यांनी चष्मा काढून कागदावर सही केली. प्राचार्यांनी माझ्याशी हात मिळवला, मग हाताचा वास घेतल्यासारखं केलं आणि हसले. शेड आता सायकल स्टँडच्या मागे होणार आहे. निदान यंदा तरी.

स्पर्धा दोन दिवस चालली. मी खिडकीत बसलो नाही. कोर्टाच्या कडेला, सासऱ्यांशेजारी, खुर्ची टाकून बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्ण सामना पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. मला बऱ्याच गोष्टी कळल्या नाहीत. सर्व्हिस करण्याआधी मुली चेंडू नेमका तितक्याच वेळा का आपटतात? हरणारी मुलगी टॉवेल इतका वेळ तोंडावर का धरते? जिला विचारायचं ती नव्हती. मी वहीत प्रश्न लिहीत गेलो.

डावखुरी उपांत्य फेरीपर्यंत पोचली. तिथे पुण्याच्या एका उंच मुलीशी गाठ पडली. पहिला सेट ही जिंकली, चेंडू खाली ठेवून ठेवून, आमच्या कोर्टावर जसा राहतो तसा. दुसरा गेला. तिसऱ्यात शेवटी शेवटी एक चेंडू रेघेजवळ पडला. त्या उंच मुलीला तो बाहेर वाटला, तिने हात वर केला. डावखुरी धावत पलीकडे गेली, वाकून ठसा पाहिला. शेणाच्या कोर्टावर चेंडूचा ठसा पुसट राहतो. ती किती वेळ बघत होती! मग तिने स्वतःच मान हलवली. बाहेरच होता. पुढच्या दोन गुणांत सामना संपला.

तिने जाळीपाशी हात मिळवला. पिशवी बाकावर फेकली. मग कोणी न सांगता कोपऱ्यातून गोणपाट उचललं, त्याची दोरी कमरेला लावली आणि कोर्टावर ओढायला लागली, कारण पुढच्या सामन्याआधी ते करायचं असतं आणि मॅडमनी मुलींना तशी सवय लावली होती.

मी खुर्चीवरून उठलो. मला तिचा चेहरा बघायचा होता. सासरेही उठले होते. आम्ही दोघे जाळीच्या खांबाजवळ जाऊन उभे राहिलो, आणि ती फेरी मारून आमच्याकडे वळेपर्यंत थांबलो. कुणालाही वाटलं असतं की दोन माणसं कोर्ट बघताहेत.

ती वळली. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, आणि ओठ सारखे हलत होते. जवळ आल्यावर ऐकू आलं. शिव्या देत होती. त्या उंच मुलीला, तिच्या बॅकहँडला, स्वतःच्या डाव्या हाताला, सगळ्यांना. गोणपाट वेडंवाकडं ओढलं जात होतं. मागे कितीतरी पट्टे तसेच राहिले होते आणि तिला ते दिसत नव्हते.

सासऱ्यांनी माझ्या दंडाला कोपर लावलं. "हिचं न्हाई संपल्यालं," ते हळूच म्हणाले.

"सर, मधी उभं ऱ्हाऊ नका!" ती रडत रडतच ओरडली. "पाय काढा. रेघ पुसताय तुमी."

मी पाय काढला. ती पुढे गेल्यावर, राहिलेल्या पट्ट्यांवरून फिरवायला मी दुसरं गोणपाट घेतलं.